उपचार चालू असताना जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे औषधं फसली का?

‘दोन महिने गोळ्या घेऊनही जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे टीबीची औषधं लागू पडत नाहीत,’ हा समज चुकीचा आहे. ही चाचणी जंतूचा डीएनए शोधते. जंतू जिवंत की मेलेला, हे तिला कळत नाही. मेलेल्या जंतूंचा डीएनए बेडक्यात कित्येक महिने सापडू शकतो. निदानाला चाचणी उत्तम, प्रगती मोजायला नाही.

प्रगती पाहतात ती बेडक्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने आणि कल्चरने (म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहून): 6 महिन्यांच्या नेहमीच्या उपचारात दुसऱ्या व पाचव्या महिन्याअखेर आणि शेवटी. सूक्ष्मदर्शकाखालीही मेलेले जंतू दिसतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यातल्या पॉझिटिव्हने घाबरून गोळ्या बंद करणं सर्वांत घातक. वाढतात ते फक्त जिवंत जंतू, म्हणून खरा निवाडा कल्चरचा. मात्र निगेटिव्ह ठरायला द्रव माध्यमात 6, घन माध्यमात 8 आठवडे लागतात.

सूक्ष्मदर्शक तपासणी पॉझिटिव्हच राहिली, तर जीनएक्सपर्ट जरूर करावी. पण तेव्हा वाचायची ती अहवालातली रिफाम्पिसिनची ओळ: जंतू टीबीच्या या मुख्य औषधाला दाद देतात की नाही. आणि नमुना लाळेचा नको. खोल खोकून काढलेला, सकाळचा, 2 ते 5 मिली बेडका हवा. लाळेवरचा निगेटिव्ह अहवाल विश्वासाचा नसतो.