मत्स्यालयाची बाह्य ओव्हरफ्लो पेटी

मत्स्यालयाची बाह्य ओव्हरफ्लो पेटी : टाकीच्या मागच्या काचेबाहेर बसवलेली, वरच्या थरातले पाणी आपल्या वजनाने खालच्या संपमध्ये (टाकीखाली ठेवलेल्या गाळणीच्या टाकीत) उतरवणारी पेटी. धरणाचा सांडवा जे काम करतो तेच ती छोट्या प्रमाणावर करते. पाणी ठरलेल्या कडेपर्यंत चढते, त्यावरचे ओसंडून जाते आणि टाकीची पातळी एका जागी राहते. संपमध्ये गाळले गेलेले पाणी रिटर्न पंप पुन्हा वर चढवतो. किती पाणी ओसंडेल हे पंपावर ठरते. मोठा नळ लावला तर टाकी रिकामी होईल, ही नव्या माणसाला वाटणारी भीती त्यामुळे निराधार आहे : पाणी कडेच्या खाली गेले की उतरणे थांबते.

पाण्यावर साचणारा तेलकट थर सतत काढला जातो, हा या रचनेचा मोठा फायदा. हीटर, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे उपकरण) आणि गाळणी संपमध्ये जातात आणि बाष्पीभवनाने होणारी घट टाकीऐवजी संपमध्ये दिसते. टाकीच्या आत उभ्या केलेल्या ओव्हरफ्लोपेक्षा बाह्य पेटी जागा फार कमी अडवते. आत फक्त ४–५ सेंमी रुंदीची दातेरी पेटी राहते. बाकी सारे मागे. त्यासाठी टाकी आणि भिंत यांच्यात किमान २० सेंमी अंतर लागते. टाकी भरल्यावर ती हलवता येत नाही, म्हणून हे अंतर आधीच मोजावे.

काचेला छिद्र न पाडता कडेवर टांगायच्या पेट्याही मिळतात. त्यांत वक्रनलिका (सायफन) काचेवरून पाणी ओढते. नळीतला प्रवाह मंद असला की तिच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे साचत जातात आणि एक दिवस वक्रनलिकेतला प्रवाह तुटतो. पंप मात्र पाणी चढवतच राहतो आणि ते जमिनीवर येते. हवा ओढून घेणारा छोटा पंप माथ्याला जोडतात, पण मग सुरक्षितता त्या छोट्या पंपावर टांगलेली राहते. भाड्याच्या घरात किंवा छिद्र पाडता न येणाऱ्या टाकीवर दुसरा मार्ग नसेल तरच ही पेटी घ्यावी. पुढील माहिती छिद्र पाडून बसवायच्या पेटीची आहे.

काच. टफन केलेल्या (तापवून झटकन थंड करून कणखर बनवलेल्या) काचेला छिद्र पाडता येत नाही; पृष्ठभाग भेदला जाताच तिचा भुगा होतो. तयार मिळणाऱ्या टाक्यांचा तळ बहुधा टफन केलेला असतो, कधी बाजूही. ओळखण्यासाठी काचेमागे पांढरा पडदा उघडलेला एलसीडी मॉनिटर ठेवून पोलराइज्ड गॉगलमधून पाहावे आणि गॉगल फिरवावा. काळपट डाग किंवा पट्टे उमटले तर काच टफन आहे. आपल्याकडे बहुतेक टाक्या स्थानिक काचवाल्याकडून साध्या काचेच्या बनवून घेतात. अशा वेळी टाकी चिकटवण्यापूर्वीच, काच आडवी असताना, छिद्रे पाडून घेणे सर्वांत सोपे.

आकारमान. उदाहरणासाठी १२० × ४५ × ४५ सेंमीची, १० मिमी काचेची टाकी घेऊ. तिच्यात काठोकाठ सुमारे २४३ लिटर पाणी मावते. गोड्या पाण्यात दर तासाला आकारमानाच्या ३ ते ५ पट, समुद्री टाकीत ५ ते १० पट पाणी संपमधून फिरवतात. येथे तासाला २,००० लिटर धरू. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा-दीड मीटर चढवताना तो निम्म्यावरही येऊ शकतो, म्हणून बादली व घड्याळ घेऊन प्रत्यक्ष मोजावे.

सांडव्याची कड २० सेंमी लांब असेल तर २,००० लिटरला तिच्यावरचा पाण्याचा थर सुमारे १३ मिमी येतो. ४० सेंमी असेल तर ८ मिमी. दात्यांनी कडेचा काही भाग अडवला तर थर आणखी जाड होतो. कड जितकी लांब तितका थर पातळ, तितका पृष्ठभाग चांगला निघतो आणि वीज गेल्यावर खाली येणारे पाणीही तितके कमी. म्हणून लांबीत काटकसर करू नये.

आतली आणि बाहेरची पेटी जोडणाऱ्या छिद्रांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एक इंची दोन छिद्रांतून २,००० लिटर जाण्यासाठी दोन पेट्यांच्या पातळ्यांत सुमारे ४ सेंमीचा फरक पडतो. छिद्र एकच ठेवले तर हाच फरक १५ सेंमीच्या घरात, म्हणजे जवळजवळ पेटीच्या उंचीइतका होतो. आतली पेटी तुडुंब भरते, दाते बुडतात आणि टाकीची पातळी चढते. खालचे नळ कितीही मोठे असले तरी त्याचा उपयोग होत नाही. दोन छिद्रे तरी ठेवावीतच, प्रवाह याहून जास्त असेल तर तीन.

बाहेरच्या पेटीची वरची कड टाकीच्या कडेच्या पातळीत हवी. ती खाली राहिली आणि नळ तुंबले, तर पाणी टाकीऐवजी पेटीतून भिंतीमागे सांडते आणि लवकर लक्षात येत नाही.

छिद्र पाडणे. टँक कनेक्टरच्या (छिद्रात बसवायच्या आट्यांच्या जोडाच्या) आट्यांचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजावा आणि त्याहून १–२ मिमी मोठा डायमंड होल सॉ घ्यावा. एक इंची म्हणून विकले जाणारे कनेक्टर कंपनीगणिक वेगळे भरतात, म्हणून आधी कनेक्टर, मग होल सॉ. छिद्राची कड काचेच्या कडेपासून आणि शेजारच्या छिद्रापासून किमान एका छिद्राच्या व्यासाइतकी दूर ठेवावी. १५ सेंमी उंचीच्या पेटीसाठी छिद्रांचे केंद्र टाकीच्या कडेखाली ९–१० सेंमीवर येते.

काचेच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावावी, म्हणजे शेवटी कपची उडत नाही. प्लायवूडच्या तुकड्याला त्याच मापाचे भोक पाडून तो काचेवर पक्का धरला तर सॉ घसरत नाही. भोवती मातीचे किंवा पुटीचे आळे करून त्यात पाणी ठेवावे. ड्रिल हॅमरवर नको, वेग कमी हवा आणि हातात बॅटरीचे ड्रिल असले तर पाण्याजवळ निर्धास्त राहता येते. दाब फक्त ड्रिलच्या वजनाचा द्यावा. १० मिमी काचेला १०–१५ मिनिटे लागतात. शेवटच्या मिलिमीटरला दाब आणखी हलका करावा. काच तडकते ती बहुतेक वेळा तिथेच, घाई झाल्यामुळे. गॉगल घालावा, आणि पांढरा गाळ कोरडा होऊ न देता पुसून काढावा.

पेटी बसवणे. क्रम असा : कनेक्टरची कॉलर, आतली पेटी, रबरी वॉशर, काच, दुसरा वॉशर, बाहेरची पेटी, नट. बाहेरच्या पेटीचे छिद्र आणि टाकीची काच यांच्यातून गळती होऊ नये हे काम बाहेरच्या वॉशरचे असते. तो विसरला की पहिल्या तासातच थेंब दिसतो. वॉशरवर सिलिकॉन लावू नये, तो घसरून बाहेर येतो. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. पान्याने आवळल्यास ॲक्रिलिकला केसासारखी चीर जाते आणि ती काही आठवड्यांनी गळू लागते.

नळ. बाहेरच्या पेटीच्या तळातून तीन नळ काढावेत. छंदिष्टांमध्ये या रचनेला बीनॲनिमल म्हणतात. दोन नळांची हर्बी आणि एकाच उघड्या नळाची दुर्सो या तिच्या आधीच्या पद्धती. पहिल्या नळात हवा नसते, तो पूर्ण भरून वाहतो, म्हणून आवाज करत नाही. त्याचे तोंड एल्बोने खाली वळवून पाण्याखाली ३–४ सेंमी ठेवतात. उथळ राहिले तर भोवरा होऊन हवा ओढली जाते. त्यावरच गेट व्हॉल्व्ह असतो. दुसऱ्या नळातून थोडेसेच पाणी, नळाच्या आतल्या बाजूला चिकटून, उतरते. त्याच्या एल्बोला हवेची बारीक नळी असते. तिचे टोक नेहमीच्या पातळीपेक्षा वर, पण तिसऱ्या नळाच्या तोंडापेक्षा खाली ठेवतात. पाणी चढून ते टोक बुडाले की हवा बंद होते आणि दुसरा नळही भरून वाहू लागतो. तिसरा नळ नेहमी कोरडा राहावा. त्याचे तोंड नेहमीच्या पातळीच्या २ सेंमी वर आणि पेटीच्या कडेखाली निदान ५ सेंमी ठेवावे. त्यातून पाणी पडल्याचा आवाज आला तर पहिला नळ तुंबला आहे, इतके समजून घ्यावे.

संपमध्ये पहिले दोन नळ पाण्याखाली २–३ सेंमी बुडवावेत. जास्त खोल गेले तर सुरुवातीला अडकलेली हवा बाहेर ढकलली जात नाही आणि नळ भरायला बराच वेळ घेतो. तिसरा पाण्याच्या वर संपवावा, म्हणजे आवाज ऐकू येईल. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरावेत आणि आडवा भाग शक्यतो नको.

बाजारातल्या नळांची गफलत इथेच होते. एक इंची यूपीव्हीसी नळाचा (शेड्यूल ४०) बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, शेतीच्या पाइपांमधला ३२ मिमीचा नळ जवळचा दिसतो, पण त्याच्या फिटिंगमध्ये हा बसत नाही. एक इंची सीपीव्हीसी नळ बाहेरून २८.६ मिमीच असतो आणि त्याचे आतले क्षेत्रफळ यूपीव्हीसीपेक्षा साधारण पावपट कमी. तिन्ही प्रकार मिसळू नयेत. सॉल्व्हंट सिमेंटही ज्या त्या प्लास्टिकचेच घ्यावे. नळ व फिटिंग दोन्हीकडे सिमेंट लावून, घुसवून पाव फेरा द्यावा, अर्धा मिनिट दाबून धरावे आणि २४ तास पाणी सोडू नये. पेटीच्या आतले एल्बो मात्र चिकटवू नयेत, नुसते दाबून बसवावेत. साफ करायला ते काढावेच लागतात. पेटीच्या खाली प्रत्येक नळाला युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) घालावे. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला तर बहुधा पितळी मिळतो. तो समुद्री टाकीत आणि कोळंबी-गोगलगायींच्या टाकीत चालत नाही, कारण पितळेतला तांब्याचा अंश या जीवांना मारतो. प्लास्टिकचाच हवा. बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळणी होत नाही.

जुळणी. टाकी गच्चीवर किंवा अंगणात भरून २४ तास कोरड्या फडक्याने सांधे तपासावेत. मग पंप सुरू करून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा. पहिल्या मिनिटाभरात नळ खळखळतो, हवा जाते आणि शांत होतो. आता व्हॉल्व्ह एक-अष्टमांश फेरा बंद करावा आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. पातळीला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या नळातून करंगळीएवढी बारीक धार वाहू लागली की थांबावे. ती धार अजिबात नसेल, तर पंप जरा मंद होताच पहिला नळ हवा ओढून गुरगुरू लागतो. नळात शेवाळी थर जमतो आणि पंप मळतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी ही जुळणी पुन्हा करावी लागते.

वीज जाणे. भारनियमन असलेल्या गावात हा सर्वांत महत्त्वाचा हिशेब. वर घेतलेल्या टाकीत पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर. पंप थांबला की कडेवरचा थर उतरतो आणि रिटर्न नळाचे तोंड जितके बुडलेले असेल तितके पाणी त्यातून उलटे येते. तोंड ३ सेंमी खाली असेल तर १६ लिटर, शिवाय पेटी व नळांतले ३–४ लिटर. म्हणजे सुमारे २० लिटर; थोडी सूट धरून संपमध्ये २५ लिटर जागा मोकळी हवी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा उलटा प्रवाह तुटावा म्हणून रिटर्न नळाला पाडलेले बारीक छिद्र यांवर विसंबू नये, कारण गोगलगाय आणि शेवाळ दोन्ही अडवतात.

उलटी बाजूही तपासावी. तिन्ही नळ तुंबले आणि पंप चालूच राहिला तर टाकीत संपच्या पंप असलेल्या कप्प्यातले पाणी चढणार. पृष्ठभागापासून कडेपर्यंत ३ सेंमी असतील तर तिथे १६ लिटर मावतात, म्हणून पंपाला ओढता येईल असे पाणी त्याहून कमी ठेवावे. पंप बंद-चालू करण्याची चाचणी मासे सोडण्याआधी निदान दहा वेळा घ्यावी, आणि एकदा पहिला नळ मुद्दाम बंद करून पाहावे.

देखभाल. दाते ६ मिमीच्या आसपास ठेवतात. तरी गप्पीची पिल्ले त्यातून जातात आणि बहुतेकदा संपमध्ये जिवंत सापडतात. दात्यांवर स्पंज लावण्याचा मोह टाळावा. तो एक-दोन दिवसांत गच्च होतो आणि टाकीची पातळी चढवतो. दात्यांवरचे शेवाळ जुन्या दातघासणीने निघते. काळ्या ॲक्रिलिकच्या पेटीत ते कमी वाढते. समुद्री टाकीत सांध्यांवर मीठ चढते. पुसल्यावर त्याच जागी पुन्हा दिसले तर तिथे वॉशर गळत आहे.