सॉकेटशेजारी इंटरनेटचा पॉइंट: वेगळ्या पाइपांची पार्श्वभूमी

भिंतीत विजेच्या सॉकेटशेजारी लॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या केबलचा, पॉइंट हवा असला, की चांगला वायरमन दोन पाइप आणि दोन डब्या मागतो. एकाच पाइपातून सगळं ओढलं तर काय बिघडतं, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "नेटला डिस्टर्बन्स येतो." हे कारण खोटं नाही, पण मुख्य कारण दुसरं आहे आणि ते जिवाशी निगडित आहे.

डिस्टर्बन्सची तक्रार मात्र जुनी. अलेक्झांडर ग्रॅहम बेलला 1876 मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं, तेव्हा तारायंत्राचीच पद्धत उचलली गेली: तार एकच, परतीची वाट जमिनीतून. पुढे शहरांत विजेच्या ट्राम आल्या. त्यांचा करंटही रुळांतून आणि जमिनीतूनच परतायचा, त्यामुळे फोनवर घरघर ऐकू येऊ लागली. उपाय बेलने 1881 मध्येच पेटंट करून ठेवला होता: एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. पिळामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो. पलीकडच्या टोकाला दोन तारांमधला फरकच वाचला जातो, त्यामुळे हा उपद्रव आपोआप वजा होतो. लॅन केबलमधल्या चारही जोड्या याच तत्त्वावर चालतात. म्हणून जॅक बसवताना जोडीचा पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो. पीळ सांभाळलेली केबल घरातल्या विजेच्या तारांशेजारीही सहसा नीट चालते.

जिवाची बाब वेगळी. फोन आणि लॅनच्या तारा कमी दाबासाठी (व्होल्टेजसाठी) बनवलेल्या असतात. जुन्या फोनच्या तारेत साधारण 48 व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना 90 च्या आसपास. लॅन केबलमधली तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. पाइपात ओढताना विजेच्या तारेचं आवरण सोललं गेलं, किंवा डबीत एखादा स्क्रू दोन्ही तारांना टेकला, तर घरातल्या मुख्य विजेचा दाब थेट राउटरपर्यंत आणि त्याला लावलेल्या हातापर्यंत पोचू शकतो. 16 अँपियरचा ब्रेकर जाड तारेच्या हिशेबाने बसवलेला असतो. तो पडण्याआधी ही बारीक तार तापून जळू शकते.

नियमांचा रोख याच धोक्याकडे आहे. अमेरिकेची विद्युत संहिता पहिल्यांदा 1897 मध्ये निघाली. आज तिच्यात दूरसंचाराच्या तारा विजेच्या तारांपासून सर्वसाधारणपणे 2 इंच लांब ठेवायला सांगितलं आहे, आणि डबी एकच असेल तर मध्ये पक्का पडदा लागतो. ब्रिटिश नियमांची मांडणी निराळी आहे. तिथे एकत्र नेलेल्या प्रत्येक तारेचं आवरण त्यांतल्या सर्वांत जास्त दाबाला पुरणारं असेल, तर शेजार चालतो. मला ही मांडणी जास्त पटते, कारण धोका नेमका कुठे आहे हे तिच्यातून थेट कळतं.

दोन पॉइंट शेजारी हवेत ही गरज मात्र बरीच नंतरची. जुन्या फोनला लागणारी वीज फोनच्याच तारेतून मिळायची, सॉकेटशी त्याचा संबंध नव्हता. तारही कंपनीच टाकायची. अमेरिकेत 1968 मध्ये दूरसंचार नियामकाने दिलेल्या कार्टरफोन निर्णयाने बाहेरची उपकरणं लाइनला जोडायची वाट मोकळी झाली, आणि 1980 च्या दशकात घरातलं वायरिंग घरमालकाकडे आलं. मग 1990 मध्ये पिळाच्या तारांवर चालणाऱ्या इथरनेटचं, म्हणजे लॅनच्या तारेवरून डेटा नेण्याच्या पद्धतीचं, मानक आलं. मोडेम आणि कॉम्प्युटरला वीज आणि डेटा एकाच जागी हवे होते, आणि दोन्ही कामं एकाच भिंतीत आली.

आता लॅन केबलच वीज नेते. 2003 च्या मानकात एका पोर्टमागे 15.4 वॅट होते, 2018 मध्ये ते 90 पर्यंत गेले. कॅमेरा किंवा वायफायच्या डबीला सॉकेट लागतच नाही. पण अशा बऱ्याच केबल एकत्र बांधल्या की मधल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून अमेरिकी संहितेत 2017 पासून एका जुडग्यात किती केबल असतील त्यानुसार करंटच्या मर्यादा दिल्या आहेत.