मूग, हरभरा आणि प्रशांत महासागर

पलाऊच्या समुद्रात आमची छोटी नाव आठवडाभर फिरत होती. त्या आठवड्यात मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलेली गोष्ट म्हणजे जेवणाच्या टेबलामागे लावलेला पांढरा फळा. त्यावर रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या चार बुड्यांच्या (पाठीला हवेचं सिलिंडर लावून मारायच्या, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या) वेळा लिहिल्या जायच्या, आणि रोजच्या वेळा वेगळ्या असायच्या. आज जिथे सकाळी नऊला उतरलो, तिथेच उद्या जायचं तर दहाच्या सुमाराला. दोन बुड्यांमध्ये किती वेळ नावेवर बसायचं, हेही ठरलेलं. सुट्टीवर आलेल्या माणसाला इतकी शिस्त सुरुवातीला खटकते. पण तिसऱ्या दिवसापर्यंत फळ्यामागची दोन घड्याळं मला वाचता यायला लागली. एक चंद्राचं, आणि दुसरं आमच्या अंगात मुरणाऱ्या नायट्रोजनचं.

पलाऊ हा फिलिपिन्सच्या पूर्वेला, विषुववृत्तापासून सात अंश उत्तरेला असलेला बेटांचा देश. १९९४ साली स्वतंत्र झालेला, आणि लोकसंख्या जेमतेम अठरा हजार. त्याच्या दक्षिणेकडच्या खाजणात चुनखडीची शेकडो निर्मनुष्य बेटं आहेत. पायथ्याशी लाटांनी आणि जीवांनी पोखरलेली, वर गच्च झाडी, त्यामुळे लांबून हिरव्या छत्र्या पाण्यात रोवल्यासारखी दिसतात. २०१२ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. खाजणाभोवती प्रवाळाची तटबंदी आहे आणि तटबंदीला मोजकीच दारं. भरतीला महासागराचं पाणी त्या दारांतून आणि तटावरून आत घुसतं, ओहोटीला तेच बाहेर पडतं. आत येणारं पाणी निळं आणि काचेसारखं असतं, तर बाहेर जाणारं खाजणातला गाळ आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, घेऊन येतं. कुठल्या जागी केव्हा उतरायचं, हे या येण्याजाण्यावर ठरतं.

हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब आपल्या किनाऱ्यावर जुना आहे. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पाऊणपट म्हणजे रोज ४५ मिनिटांची सरक. खरी सरक सरासरी ५० मिनिटांची आहे, कारण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र थोडा पुढे गेलेला असतो आणि त्याला गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो. आपल्या किनाऱ्यावरचं उत्तर पलाऊला जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याचा आकार आणि खोली भरतीला आपापला उशीर लावतात. पण रोजची सरक तीच, कारण चंद्र तोच. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती हेही तिथे तसंच. आम्ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निघालो होतो, म्हणजे ऐन उधाणात.

उधाणाचं पाणी काय करतं ते ब्लू कॉर्नर नावाच्या जागी कळतं. इथे प्रवाळाच्या तटाचा एक कोपरा त्रिकोणी सुळक्यासारखा महासागरात घुसला आहे. वर साधारण १५ मीटर खोलीवर पठार, आणि कडेवरून खाली सरळ काळोखात जाणारी भिंत. भरती-ओहोटीचा प्रवाह या भिंतीवर आदळला की पाण्याला पुढे वाट नसते, म्हणून ते वर चढतं. वर चढणाऱ्या पाण्याबरोबर प्लवक येतं, प्लवक खायला लहान मासे येतात, त्यांच्यामागे बराकुडा आणि मोठे खादाड मासे, आणि कडेवर शार्क.

तिथे पोहत थांबणं अशक्य असतं. प्रत्येकाजवळ दोन-एक मीटरची दोरी असते. तिच्या एका टोकाला बोथट आकडा, दुसरं टोक अंगातल्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटला बांधलेलं. मेलेल्या खडकाची खाच बघून आकडा अडकवायचा (जिवंत प्रवाळाला हात लावायचा नाही, हे रोज बजावलं जातं), जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची आणि पतंगासारखं प्रवाहात तरंगत राहायचं. मान बाजूला वळवली तर पाणी मास्क उपटून नेईल इतका जोर. आणि समोर, हाताच्या पाच-सहा पट अंतरावर, करडे रीफ शार्क जवळजवळ शेपटी न हलवता जागच्या जागी उभे.

ते दृश्य बघून मला राजमाचीच्या कड्यावरची घार आठवली. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यावर ती पंख पसरून तशीच टांगलेली असते. ही नुसती उपमा राहिलेली नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा प्रवाळद्वीपाच्या दक्षिण खिंडीत शेकडो करडे रीफ शार्क गोळा होतात. तिथे त्यांच्या अंगावर यंत्रं लावून आणि प्रवाहाचे नकाशे करून २०२१ साली संशोधकांनी दाखवलं, की हे शार्क वर चढणारं पाणी बघून जागा निवडतात, आणि त्यामुळे त्यांची १० ते १५ टक्के ऊर्जा वाचते. शार्कला इतर बहुतेक माशांसारखी हवेची पिशवी नसते. पोहणं थांबलं की तो बुडू लागतो, शिवाय या जातीला श्वासासाठीही कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवावं लागतं. वर चढणाऱ्या पाण्यात त्याची दोन्ही कामं थोड्या कष्टात होतात. आम्ही आकड्याने साधत होतो ते तो अंगाच्या तिरपेपणाने साधत होता.

चंद्राचं घड्याळ फक्त प्रवाहापुरतं नाही. पलाऊत मोठ्या कपाळाचे पोपटमासे अमावास्येच्या सुमाराला पहाटे शेकड्यांनी एकत्र येऊन अंडी सोडतात, आणि एका जातीचे तांबडे स्नॅपर पौर्णिमेच्या सुमाराला. उधाणाच्या ओहोटीबरोबर अंडी तटावरच्या हजारो भुकेल्या तोंडांपासून दूर महासागरात वाहून जातात, असं यामागचं एक स्पष्टीकरण आहे. हे वेळापत्रक पलाऊच्या मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. १९७० च्या दशकात रॉबर्ट जोहान्स हा सागरी जीवशास्त्रज्ञ त्यांच्याकडे जाऊन बसला आणि कोणता मासा कुठे, कोणत्या चांद्र दिवशी अंडी घालतो हे त्याने लिहून घेतलं. विज्ञानाच्या नोंदींत तोवर नसलेली कितीतरी माहिती त्या म्हाताऱ्या कोळ्यांच्या डोक्यात होती. अशा वेळी गावप्रमुखांनी त्या जागेवर मासेमारी बंद करायची, याला पलाऊत ‘बुल’ म्हणतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या रीतीचाच हा भाऊबंद आहे असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरं घड्याळ. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर एकूण दाब चौपट. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी पोचवणारं यंत्र, तुम्हाला आजूबाजूच्या दाबाचीच हवा देतो, नाहीतर छाती फुगणारच नाही. म्हणजे प्रत्येक श्वासात चौपट हवा जाते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. वर बसून ती दोन तास पुरेल, ३० मीटरवर तीच अर्ध्या तासात संपेल, तीही तळाशी काही शिल्लक न ठेवता. हवा संपणं डोळ्यांना दिसतं, काटा खाली येतो. नायट्रोजनचं तसं नाही. हवेतला हा ७८ टक्के वायू शरीर वापरत नाही, पण दाब वाढला की तो रक्तात आणि रक्तातून सगळ्या ऊतींमध्ये विरघळत जातो. कसलीही जाणीव न होता.

किती वेगाने, हा खरा प्रश्न. इथे मला स्वयंपाकघरच आठवतं. रात्री एकाच वेळी एका वाटीत मूग आणि दुसऱ्या वाटीत हरभरा भिजत घाला. पाणी तेच, पण मूग काही तासांत टपोरतो आणि हरभऱ्याला सकाळ उजाडावी लागते. शरीरातही असंच आहे. जिथे रक्त भरपूर खेळतं ते भाग मुगासारखे लवकर भरतात आणि लवकर रिकामे होतात. चरबी, सांधे हा हरभरा. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून हीच कल्पना गणितात बसवली. त्यांनी पाच काल्पनिक ऊती धरल्या. त्या निम्म्या भरायला लागणारा वेळ ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं. दाब झपाट्याने निम्म्यावर आला तर शेळी ठीक राहते, त्यापलीकडे विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात, असं त्यांना दिसलं. गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होतं तेच, फक्त सांध्यांत, मणक्यात, रक्तवाहिन्यांत. त्यापूर्वी पुलांच्या पायासाठी दाबाच्या हवेत खोदकाम करणारे मजूर यानेच लुळे पडत आणि मरत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ साली यानेच अंथरुणाला खिळला. मजूर या दुखण्याला ‘बेंड्स’ म्हणत.

आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हाच हिशोब दर काही सेकंदांनी करतो. त्यांपैकी बऱ्याच यंत्रांत झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांचं गणित असतं. त्यात सोळा ऊती आहेत आणि सगळ्यांत सुस्त ऊतीचा अर्धकाळ (निम्मी भरायला लागणारा वेळ) ६३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त. हा पक्का हरभरा. एका प्रचलित तक्त्यानुसार पहिल्या बुडीला १८ मीटरवर ५६ मिनिटं राहता येतं, ३० मीटरवर २० मिनिटं. तेवढ्यात मूग पुरता फुगतो, हरभऱ्याला फारसं कळतही नाही. पण नावेवरची सुट्टी म्हणजे रोज चार बुड्या, सलग सहा दिवस. मधल्या दीड-दोन तासांत मूग बराचसा निथळतो, हरभरा निथळत नाही. दिवसेंदिवस तो थोडा थोडा भरत राहतो. म्हणून फळ्यावर सकाळची बुडी सहसा सगळ्यांत खोल, संध्याकाळची उथळ. म्हणून मधली विश्रांती कमी करायची विनंती कोणी केली तरी मान्य होत नाही. आणि म्हणूनच बरेचजण सिलिंडरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रॉक्स नावाचं मिश्रण घेतात. त्यात ऑक्सिजन ३२ टक्के, नायट्रोजन तेवढाच कमी. मात्र जास्त दाबाखाली ऑक्सिजन स्वतःच विषारी ठरतो आणि झटके आणतो, त्यामुळे त्या मिश्रणावर साधारण ३३ मीटरखाली जायचं नाही.

वर येताना मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग नाही, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. शेवटचे दहा मीटर सगळ्यांत नाजूक, कारण दोन वातावरणांचा दाब तिथेच एकावर येतो. श्वास तर क्षणभरही रोखायचा नाही. प्रवाहात, दोरीला धरून, काहीही न करता तीन मिनिटं लटकणं हे मला खोल जाण्यापेक्षा अवघड वाटलं.

एका विश्रांतीच्या वेळात आम्ही एइल माल्क बेटावरच्या जेलीफिशच्या तळ्यावर गेलो. हे खाऱ्या पाण्याचं तळं चुनखडीतल्या भेगांनी समुद्राशी जोडलेलं आहे. इथल्या सोनेरी जेलीफिशच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं, आणि जेलीफिश त्याला ऊन मिळावं म्हणून रोज सूर्याच्या दिशेने तळं ओलांडतात. काठाच्या सावलीच्या रेषेवर येऊन थांबतात, कारण सावलीत त्यांना खाणारी समुद्रफुलं टपलेली असतात. या जेलीफिशचा डंख माणसाला जवळजवळ जाणवतच नाही. इथे सिलिंडर घेऊन उतरायला बंदी आहे. बुडबुड्यांनी त्या नाजूक जिवांना इजा होते, आणि साधारण १५ मीटरखालच्या पाण्यात ऑक्सिजन नाही, उलट विषारी हायड्रोजन सल्फाइड साठलेला आहे. तो त्वचेतूनही अंगात जाऊ शकतो. २०१६ मध्ये एल निन्योच्या दुष्काळात हे जेलीफिश दिसेनासे झाले होते. चिकटून राहणारी त्यांची पॉलिप अवस्था तेवढी टिकली, म्हणून पुढच्या काही वर्षांत ते पुन्हा वाढले. छातीपर्यंत त्या मऊ गर्दीत तरंगताना मला हे आठवत होतं आणि पाय हलवायची भीती वाटत होती.

उलोंग बेटाजवळून नाव गेली तेव्हा मुंबईची आठवण निघाली, आणि तिला खरंच आधार आहे. १७८३ साली ईस्ट इंडिया कंपनीचं ‘अँटिलोप’ जहाज इथे प्रवाळावर फुटलं, पलाऊच्या लोकांनी खलाशांना आसरा दिला. सात वर्षांनी, १७९० मध्ये, त्याची परतफेड म्हणून कंपनीने मुंबईहून जॉन मॅक्लूअर या अधिकाऱ्याला दोन जहाजं देऊन इकडे पाठवलं. आपल्या पश्चिम किनाऱ्याचे नकाशे करणारा हाच मॅक्लूअर.

शार्क पाहून आल्यावर नावेवर सगळे त्यांच्याचविषयी बोलत. पलाऊने २००९ साली आपला सगळा समुद्र शार्कसाठी अभयारण्य जाहीर केला. जगातलं असं पहिलंच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशोब होता, की पलाऊच्या मुख्य जागांवरचा एक जिवंत शार्क पर्यटनातून आयुष्यभरात सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो, आणि मारून विकला तर १०८ डॉलर. पैशाने मोजलं तरी फरक असा आहे. मला त्या आकड्यापेक्षा कड्यावर स्थिर उभा असलेला तो जीव जास्त पटतो.

सहाव्या दिवशी दुपारी शेवटची बुडी झाली आणि फळा पुसला गेला. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो, म्हणजे शरीराच्या दृष्टीने ती आणखी एक ‘वर येण्याची’ पायरी. अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास थांबा, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या बुडी मारणाऱ्यांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा सल्ला आहे. आमच्या नावेने २४ तास ठरवले होते. ६३५ मिनिटांच्या ऊतीतला जादा नायट्रोजनसुद्धा तेवढ्यात सुमारे चार पंचमांश निघून जातो. सूट आणि जॅकेटं गोड्या पाण्यात धुऊन दोरीवर टाकली. पलाऊमधल्या कोरोर शहराच्या धक्क्याला लागेपर्यंत रात्र झाली होती. उधाण ओसरून पाणी भांगाकडे चाललं होतं, पौर्णिमेनंतरचा कापलेला चंद्र उशिरा उगवला. मनगटावरच्या पडद्यावर विमानाचं छोटं चित्र अजून होतं, त्यावर फुली, आणि शेजारी उरलेले तास.