दहा, वीस की तीस? मैलापाण्याच्या एका आकड्याची पार्श्वभूमी

मैलाशुद्धीकरण केंद्राच्या नव्या निविदांमध्ये हल्ली बीओडीसमोर, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापासमोर, बऱ्याचदा १० हा आकडा दिसतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या निविदा काढून पाहिल्या तर तिथे २० किंवा ३० सापडेल. लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅमचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण केंद्राला कोणती यंत्रणा लागेल, विजेचे बिल किती येईल आणि नगरपालिकेला ते झेपेल का, हे सगळे त्यावरून ठरते. म्हणून हा आकडा मुळात आला कुठून, हे आधी पाहायला हवे.

गटारांचे सुरुवातीचे नियम नदीचा विचार करून झालेच नव्हते. लंडनमध्ये १८१५ पर्यंत घरचा मैला गटारात सोडायला बंदी होती, कारण गटार पावसाच्या पाण्यासाठी होते. १८४० च्या दशकाच्या अखेरीस नेमके उलट झाले. घराची जोडणी गटाराला देणे सक्तीचे ठरले आणि सगळा मैला थेम्समध्ये उतरला. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या संसदेत दुर्गंधीने बसणे अशक्य झाले, तेव्हा कुठे मोठ्या भुयारी वाहिन्यांना पैसा मिळाला. त्या वाहिन्यांनी मैला शहराच्या खालच्या अंगाला नेऊन सोडला, म्हणजे त्रास शेजाऱ्यांच्या दारात गेला.

आकड्याचा जन्म मात्र १९१२ चा. मैलापाण्याच्या विल्हेवाटीचा अभ्यास करायला ब्रिटनमध्ये १८९८ साली आयोग नेमला होता. त्याच्या आठव्या अहवालात शिफारस आली की शुद्ध केलेल्या पाण्यात तरंगते घनपदार्थ लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा आणि पाच दिवसांची ऑक्सिजनची मागणी, म्हणजे बीओडी, २० पेक्षा जास्त नसावी. पण या शिफारशीला एक अट जोडलेली होती आणि पुढच्या वादाचे मूळ तिथेच आहे. सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट पाणी नदीत वाहते आहे आणि त्या पाण्याची स्वतःची बीओडी २ च्या आत आहे, असे गृहीत धरले होते. हिशेब सोपा आहे. नदीचे आठ भाग, प्रत्येकी २, म्हणजे १६. त्यात सोडलेल्या पाण्याचा एक भाग, २०. एकूण ३६, भागिले ९, म्हणजे ४. मिसळल्यानंतर नदीची बीओडी ४ च्या वर जाऊ नये, हे आयोगाचे खरे उद्दिष्ट होते. वीस हा त्यावरून उलट काढलेला आकडा. नदीत पाणी भरपूर असेल तर मर्यादा सैल करावी, आठपटीपेक्षा कमी असेल तर कडक करावी, असेही अहवालात म्हटले होते.

आकडा जगभर पसरला, अट मागे राहिली. आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या मानकात मैलापाण्यासाठी हीच २० आणि ३० ची जोडी होती. बारमाही वाहणाऱ्या, थंड हवेतल्या नद्यांसाठी केलेले गणित दख्खनच्या पठारावर आले. इथे पावसाळा सरला की वरच्या धरणात पाणी अडते आणि मार्च-एप्रिलमध्ये शहराच्या खालच्या पात्रात कित्येकदा वाहते ते शहराचेच मैलापाणी असते. मिसळायला आठ भाग सोडाच, एक भागही नसतो. अशा नदीत २० सोडले की नदी २० चीच होते. चाचणीत बदल मात्र झाला. पाच दिवस आणि वीस अंशांऐवजी आपण सत्तावीस अंशांना तीन दिवस मोजतो, कारण उष्ण हवेत जिवाणूंचे काम वेगाने होते. तापमानाची दखल घेतली गेली, कोरड्या पात्राची घेतली गेली नाही. मला ही चूक साधी वाटत नाही.

कायद्याचा प्रवास थोडक्यात. ओरिसाने १९५३ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचे कायदे केले. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राला १९७४ चा कायदा काही राज्यांचे ठराव घेऊनच करता आला. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. या कायद्याने नदीत पाणी सोडायला संमतीपत्र लागू लागले आणि कारखान्याप्रमाणे नगरपालिकाही त्या चौकटीत आली. पैसे नाहीत म्हणून गटारे बांधता येत नाहीत, ही सबब १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साफ फेटाळली. पुढे १९९३ मध्ये पर्यावरण नियमांत जे सर्वसाधारण निकष आले, त्यांत नदी-तलावांत सोडण्यासाठी बीओडी ३० आणि घनपदार्थ १०० अशी मर्यादा होती, समुद्रासाठी बीओडी १००. म्हणजे २० वरून आपण ३० वर आलो. हे सैल होणे फारशा चर्चेविना झाले.

खरा झगडा २०१५ नंतरचा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नव्या निकषांचा मसुदा काढला: बीओडी १०, सीओडी (रासायनिक ऑक्सिजनची मागणी) ५०, घनपदार्थ २०, एकूण नायट्रोजन १०. नद्यांसाठी झटणाऱ्यांनी त्याचे स्वागत केले. पालिका आणि राज्ये मात्र हबकली, कारण चालू असलेली बरीच केंद्रे यात बसणार नव्हती. १३ ऑक्टोबर २०१७ ला अंतिम अधिसूचना आली तेव्हा महानगरांना आणि बहुतेक राजधान्यांना २०, बाकी सगळ्यांना ३० असे ठरले. सीओडी आणि नायट्रोजन यादीतून गायबच झाले. जुन्या केंद्रांना पाच वर्षांची मुदत मिळाली.

प्रकरण पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या लवादापुढे गेले. त्याने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने शहराच्या आकारानुसार पायऱ्या सुचवल्या, मोठ्या शहरांना कडक आणि लहानांना सैल. ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात लवादाने पायऱ्याच नाकारल्या. मोठ्या शहरांसाठी सुचवलेले निकष सगळ्या देशाला, नव्या-जुन्या सगळ्या केंद्रांना, विलंब न लावता लागू करा, असे सांगितले. बीओडी १०, सीओडी ५०, नायट्रोजन १०, विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमागे २३० पर्यंत. हीच मर्यादा २०१७ मध्ये १,००० होती.

पालिकांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. २०२०-२१ च्या अधिकृत मोजणीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर, म्हणजे जेमतेम २८ टक्क्यांवर. क्षमता ३१,८४१ ची उभी होती, तीही पुरती वापरात नव्हती, कारण केंद्र बांधले तरी मैलावाहिन्यांचे जाळे तिथवर पोहोचलेले नसते. आधी सगळे पाणी केंद्रापर्यंत आणू द्या, मग ३० चे १० करू, असे त्यांचे म्हणणे. दुसरी बाजू सांगते की केंद्र एकदा बांधले की वीस-तीस वर्षे तेच चालते, म्हणून सैल आकड्यावर बांधलेले केंद्र म्हणजे एका पिढीपुरती सैल नदी. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण दोन्ही बाजू साऱ्या देशाला चालणारा आकडा शोधत राहिल्या आणि १९१२ चा साधा प्रश्न, नदीत पाणी किती, पुन्हा मागे पडला. स्थानिक परिस्थिती पाहून अधिक कडक निकष लावण्याचा अधिकार राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना १९८६ च्या नियमांपासून आहे. कोरड्या पात्रांसाठी तो वापरला असता तर मोठ्या नदीकाठचे गाव आणि ओढ्याकाठचे शहर एकाच मापाने मोजावे लागले नसते.

हा सगळा वाद वाहिनीच्या शेवटच्या तोंडाचा आहे. मधल्या वाहिनीत काय चालते, याचा कायदा वेगळा आणि फार उशिरा आला. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. तिथे मृत्यू झाल्यास १० लाख रुपये भरपाई, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये रक्कम ३० लाख केली. तरी माणसे मरतातच. बीओडीच्या एका आकड्यावर वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या, त्याच्या निम्म्याने तरी लक्ष या झाकणांखाली जायला हवे होते.

दंडाची बाजू अलीकडे झपाट्याने बदलली. सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा आणि मैलापाणी मिळून महाराष्ट्रावर सुमारे १२,००० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई बसवणारा लवादाचा आदेश निघाला. उलट २०२४ च्या दुरुस्तीने १९७४ च्या कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. मूळ कायद्यासारखीच ही दुरुस्तीही आधी मोजक्या राज्यांना लागू झाली, बाकीच्यांनी ठराव करून स्वीकारायची. जिथे ती लागू होईल तिथे अधिकाऱ्याच्या तुरुंगवासाची भीती मावळेल आणि पालिकेचा दंड घरपट्टी भरणाऱ्यांच्या पैशातून जाईल.