शेजाऱ्याचं गृहकर्ज कोणी फेडायचं? अमेरिकेतल्या वादाची पार्श्वभूमी

१९ फेब्रुवारी २००९ च्या सकाळी शिकागोच्या सौदेबाजारातून सीएनबीसी वाहिनीवर बोलता बोलता रिक सँटेली यांचा पारा चढला. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ॲरिझोनातल्या मेसा इथे थकलेल्या गृहकर्जदारांसाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली होती. सँटेली मागच्या दलालांकडे वळले आणि त्यांनी विचारलं, ज्या शेजाऱ्याने ऐपतीबाहेर जाऊन एक बाथरूम जास्त असलेलं घर घेतलं, त्याचे हप्ते तुमच्यापैकी कोण भरणार? दलालांनी एकच गिल्ला केला. ती चित्रफीत देशभर फिरली आणि सरकारी खर्च व करांना विरोध करणाऱ्या 'टी पार्टी' चळवळीला तिथून जोर चढला.

प्रश्न रास्तच होता. महाराष्ट्रात कर्जमाफी निघाली की 'आम्ही वेळेवर फेडलं हा आमचा गुन्हा का?' हे गावोगावी ऐकू येतं. २०१७ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांसाठी २५ हजारांपर्यंत आणि २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम ठेवावी लागली, ती याच नाराजीमुळे. अमेरिकेतही ज्याने भाड्याच्या घरात राहून पैसे साठवले, मोहाला बळी न पडता लहान घर घेतलं, त्याला ही मदत टोचणं स्वाभाविक होतं. पण हा प्रश्न तिथे पहिल्यांदा विचारला गेला नव्हता, आणि आधीच्या खेपेला त्याला बरंच चांगलं उत्तर मिळालं होतं.

महामंदीपर्यंत अमेरिकेत गृहकर्ज साधारण तीन ते पाच वर्षांचं असे. बहुतेकदा तोवर फक्त व्याज भरायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी, किंवा नवं कर्ज काढून जुनं मिटवायचं. बँकाच बुडू लागल्यावर नवं कर्ज देणार कोण? १९३३ मध्ये रोज सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती. शेतजमिनींची गत तीच. लिलावाच्या जागी शेजारीपाजारी जमायचे, गाईला, नांगराला चार-दोन सेंटची बोली लावायचे, बाहेरच्या कुणाला तोंड उघडू द्यायचे नाहीत आणि घेतलेला माल मूळ मालकाला परत करायचे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आयोवातल्या ले मार्स गावात शेतकऱ्यांनी न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना भर न्यायालयातून ओढून नेलं आणि गळ्यात दोर अडकवून 'जप्तीचे आदेश देणार नाही' असं वदवून घ्यायचा प्रयत्न केला. ब्रॅडली बधले नाहीत. शेवटी जमावाने त्यांना सोडलं, पण गव्हर्नरांना तिथे लष्करी कायदा पुकारावा लागला. मिनेसोटाने तर जप्ती पुढे ढकलण्याचा कायदाच केला, आणि १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला.

या वातावरणात, जून १९३३ मध्ये, रूझवेल्ट सरकारने 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' काढलं. ते चालायचं कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे. महामंडळ थकलेलं कर्ज बँकेकडून स्वतःकडे घ्यायचं आणि बदल्यात रोख रकमेऐवजी सरकारी रोखे द्यायचं. कर्जाची रक्कम घराच्या ठरवलेल्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त १४ हजार डॉलर. म्हणजे फुगलेल्या कर्जातला वरचा भाग बँकेला सोडावा लागे, तरच बुडीत खात्यातला पैसा सुटायचा. कर्जदाराला १५ वर्षांची मुदत, ५ टक्के व्याज आणि मुद्दल-व्याज एकत्र असलेला सारखा हप्ता. सुमारे १० लाख घरांची कर्जं अशी बदलून देण्यात आली, एकूण तीन अब्ज डॉलरच्या वर. आलेल्या अर्जांपैकी निम्म्याच्या आसपास नाकारलेही गेले. मदत मिळूनही ज्यांना झेपलं नाही अशा जवळपास २० टक्के कर्जदारांची घरं महामंडळाने स्वतः जप्त केली. १९५१ मध्ये कारभार गुंडाळला तेव्हा हिशेबात थोडी शिल्लकच उरली होती.

म्हणजे ही माफी नव्हती. कर्जदाराला फेडावं लागलं, सावकाराला सोडावं लागलं आणि करदात्याच्या खिशाला शेवटी फारसा चटका बसला नाही. न्याय्य मदतीचा याहून चांगला नमुना मला अमेरिकेच्या इतिहासात दिसत नाही. त्याला एक काळी बाजूही आहे. याच महामंडळाने पुढे शहरांचे 'जोखमीचे नकाशे' केले आणि त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. सरकारी गृहकर्ज विम्याने अशा वस्त्यांना वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलं. त्यामुळे १९३३ नंतर घराच्या रूपाने ज्यांची पुंजी वाढली, ते मुख्यतः गोरे होते.

आता २००८. वर्णभेदाचा तो धागा इथेही सुटला नव्हता. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ग्राहकांना महागडी कर्जं गळ्यात मारल्याच्या आरोपांवरून कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीने २०११ मध्ये ३३ कोटी ५० लाख डॉलर आणि वेल्स फार्गो बँकेने २०१२ मध्ये १७ कोटी ५० लाख डॉलर देऊन सरकारशी तडजोड केली. पहिली दोन वर्षं स्वस्त आणि नंतर उसळणारा हप्ता, उत्पन्नाचा पुरावा न मागता दिलेलं कर्ज, आणि ते लगेच रोख्यांत बांधून गुंतवणूकदारांना विकणं, ही त्या काळची रीत. घरांच्या किमती २००६ नंतर उतरल्या आणि सगळं कोसळलं. ऑक्टोबर २००८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ७०० अब्ज डॉलरचा निधी मंजूर केला तो प्रामुख्याने बँकांसाठी. एआयजी या विमा कंपनीला त्याआधीच ८५ अब्ज डॉलरचा आधार दिला होता, आणि मार्च २००९ मध्ये तिने कर्मचाऱ्यांना १६ कोटी ५० लाख डॉलरचे बोनस वाटले. सँटेलींचा 'शेजारी' रांगेत बराच मागे उभा होता.

त्या शेजाऱ्याच्या हाती काय आलं? ओबामांच्या योजनेचे दोन भाग होते. एक वेळेवर हप्ते भरणाऱ्यांसाठीच होता. घराची किंमत कर्जाखाली गेल्यामुळे ज्यांना स्वस्त व्याजाचं नवं कर्ज मिळत नव्हतं, अशांना तो पुढे चांगला उपयोगी पडला. वाद झाला तो दुसऱ्या भागावर, म्हणजे थकलेल्या कर्जाच्या अटी बदलून देणाऱ्या 'हॅम्प'वर. हप्ता उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा, त्यासाठी व्याज २ टक्क्यांपर्यंत उतरवायचं, मुदत ४० वर्षांपर्यंत ताणायची. कागदावर छान. पण निर्णय सोपवला हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्यांवर. त्यांची कमाई दंडातून आणि जप्तीच्या खर्चातूनही होत होती. सरकारने त्यांना प्रत्येक बदललेल्या कर्जामागे हजार डॉलरपासून बक्षीस देऊ केलं, सक्ती मात्र फारशी केली नाही.

मग सुरू झाला कागदांचा छळ. कर्जदाराने पगाराच्या पावत्या, करविवरण, अडचणीचं शपथपत्र फॅक्स करायचं. ते 'मिळालंच नाही' म्हणून पुन्हा पाठवायचं. तोवर पगाराच्या पावत्या जुन्या झालेल्या, म्हणून तिसऱ्यांदा. अटी कायमच्या बदलण्याआधी तीन महिने कमी केलेला हप्ता चाचणी म्हणून भरायचा असे. तो अनेकांनी त्याहून कितीतरी जास्त काळ भरला, आणि शेवटी नकार आला. नकारासोबत जुन्या आणि चाचणीच्या हप्त्यातला सगळा फरक एकदम भरायची मागणी यायची. एक विभाग अर्ज तपासत असताना त्याच कंपनीचा दुसरा विभाग घर लिलावात काढत असे.

तीस ते चाळीस लाख कुटुंबांचं उद्दिष्ट होतं. २०१६ अखेर योजना मिटली तोवर सोळा-सतरा लाख कर्जं कायमची बदलली गेली होती, आणि त्यातलीही जवळपास एक तृतीयांश पुन्हा थकली. त्या ७०० अब्ज डॉलरच्या बचाव निधीचे विशेष महानिरीक्षक नील बारोफ्स्की यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की, अर्थमंत्री टिमोथी गाइथनर यांच्या लेखी या योजनेचं काम जप्त्यांचा लोंढा बँकांना पेलेल इतका संथ करणं हे होतं.

फुकट्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. कंट्रीवाइडच्या एका वेगळ्या तडजोडीत थकबाकीदारांना सवलत जाहीर होताच, फेडू शकणाऱ्या काहींनीही हप्ते थांबवल्याचं कोलंबिया विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांना आढळलं. पण यावरचा उपायही समोर होता. दिवाळखोरीच्या न्यायाधीशाने कर्ज घराच्या खऱ्या किमतीइतकं खाली आणायचं. तिथे उत्पन्न आणि खर्च उघडा करावा लागतो, पत वर्षानुवर्षं खराब होते. दोन पैसे वाचवायला कुणी ती पायरी चढत नाही, आणि करदात्याचा पैसाही लागत नाही. न्यायाधीशाला तसा अधिकार देणारी दुरुस्ती सिनेटर डिक डर्बिन यांनी मांडली. ३० एप्रिल २००९ रोजी ती ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडली. विरोधात डर्बिन यांच्याच पक्षाचे काही सदस्यही होते.

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा सरकार वेगळं वागलं. सरकारी पाठबळाच्या गृहकर्जावर फक्त 'अडचण आहे' एवढं सांगून सहा महिने, आणि मागितल्यास आणखी सहा महिने हप्ते थांबवता येत होते. पुरावा मागायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं होतं. लाखो कुटुंबांनी ती सवलत घेतली आणि बहुतेक त्यातून सावरून बाहेर पडली. घरांच्या किमतीही तेव्हा चढत्या होत्या. शेजाऱ्याचे हप्ते कोण भरणार, असं त्या वेळी फारसं कुणी ओरडलं नाही.

दिवाळखोरीचा नियम मात्र १९७८ च्या कायद्यापासून आहे तसाच आहे. सुट्टीतल्या दुसऱ्या घरावरचं किंवा भाड्याने दिलेल्या घरावरचं कर्ज न्यायाधीश कमी करू शकतो, कुटुंब राहतं त्या घरावरचं नाही.