व्यावसायिक संबंधांतून नवे ग्राहक

व्यावसायिक संबंधांतून नवे ग्राहक : जुने ग्राहक, एकेकाळचे सहकारी, समव्यावसायिक, पुरवठादार अशा माणसांशी वर्षानुवर्षे संबंध राखलेले असतात आणि त्यांच्या शब्दावर नवे काम येते, ती रीत. वकील, लेखापाल, वास्तुविशारद, भाषांतरकार, संगणक सल्लागार यांच्या व्यवसायात ती विशेष चालते. बोलीत याला ‘ओळखीतून काम आले’ म्हणतात, पण नुसत्या ओळखीने काम येत नाही. ओळखीच्या माणसाने कुणापाशी तरी शब्द टाकावा लागतो.

तो शब्द इतका मोलाचा का ठरतो, याचे उत्तर सेवेच्या स्वरूपात आहे. खुर्ची बसून पाहता येते, पण सल्ला विकत घेण्याआधी तपासता येत नाही. विकणाऱ्याला मालाची खरी माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजार कसा बिघडतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये त्याच्या पुढची गोष्ट दाखवली. काही सेवांचा दर्जा त्या घेतल्यानंतरही ग्राहकाला नीट कळत नाही. हिशेब तपासणाऱ्याने खरोखर बारकाईने पाहिले की वरवर, हे सही झाल्यावरही बाहेरच्याला ओळखता येत नाही. अशा वेळी माणूस जाहिरात बाजूला ठेवतो आणि विश्वासातल्या कुणाला तरी विचारतो, ‘तुमच्या माहितीत कोणी चांगला आहे का?’

नाव सुचवणारा या प्रश्नाला उत्तर देताना स्वतःची पत पणाला लावतो. काम बिघडले तर बोल त्यालाही लागतो. शिफारस आणि वशिला यांतला फरक इथेच आहे. वशिल्यात पात्रतेचा प्रश्न बाजूला सारला जातो, तर शिफारशीत सुचवणारा त्या पात्रतेचीच हमी देतो. म्हणून कितीही जुना स्नेह असला तरी ज्याचे काम स्वतः पाहिलेले नाही, त्याचे नाव जाणती माणसे पुढे करत नाहीत.

शिफारस विशेषणांपेक्षा एखाद्या लहानशा प्रसंगावर चालते. एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना भाषांतरकाराला दिसते, की बोल्ट किती घट्ट आवळायचा याचा आकडा मजकुरात एक आणि आकृतीत दुसराच आहे. जसेच्या तसे उतरवून मोकळे होता आले असते. तो फोन करून विचारतो. आकृतीतला आकडा चुकीचा निघतो. तीन वर्षांनी ते काम सांभाळणारी अधिकारी दुसऱ्या कंपनीत असते. तिथल्या बैठकीत भाषांतराचा विषय निघतो आणि ती म्हणते, ‘एक जण आहेत. आमच्या पुस्तिकेतली चूक आमच्याआधी त्यांनी पकडली होती.’ ‘अत्यंत दर्जेदार सेवा’ या शब्दांनी जे झाले नसते, ते या एका वाक्याने होते.

हे काम नेहमी जिवलगच करतात असेही नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली ‘दुबळ्या धाग्यांचे बळ’, म्हणजे जुजबी ओळखींचे महत्त्व, ही कल्पना मांडली. त्यांच्या पाहणीत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते, ५५.६ टक्के अधूनमधून आणि २७.८ टक्के क्वचितच. जवळच्या माणसांचे वर्तुळ आपलेच असते, त्यामुळे आपल्याला ठाऊक तेच त्यांनाही ठाऊक असते. नवी बातमी लांबच्या वर्तुळातून येते. हे निष्कर्ष नोकरीविषयी असले तरी ग्राहक मिळण्यालाही बरेचसे लागू पडतात. डॅनिएल लेव्हिन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी २०११ मध्ये थंडावलेल्या संबंधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे बोलणे नसलेल्या जुन्या परिचितांकडे पुन्हा गेलेल्या अधिकाऱ्यांना त्यांच्याकडून नवी आणि उपयोगी माहिती मिळाली. मधल्या काळात ती माणसे वेगळ्या जगात वावरलेली असतात, आणि पूर्वीचा भरवसा मात्र टिकलेला असतो.

संबंध राखण्यात सर्वांत जास्त चुकते ती वेळ. काम आटल्यावरच आठवण काढणाऱ्याला लोक ‘कामापुरता मामा’ म्हणून ओळखतात. ग्राहकाला लागू होणारा नियम बदलला की दोन ओळी कळवणे, सुचवलेल्या कामाचे पुढे काय झाले हे सुचवणाऱ्याला सांगणे, एवढ्याने पुष्कळ साधते. ‘हे माझे काम नव्हे, यासाठी अमुक यांच्याकडे जा’ असे सांगणाऱ्यावरचा विश्वास तर सर्वांत पक्का बसतो. आणखी एक साधी गोष्ट राहून जाते : जुन्या ग्राहकाला आपण त्याच्यासाठी केलेले तेवढेच काम माहीत असते. करार लिहून घेतलेल्या वकिलाकडे तो भागीदारीच्या वादासाठी कुणाला पाठवत नाही, कारण तेही काम हा वकील करतो हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

या रीतीला संघटित रूपही मिळाले आहे. पॉल हॅरिस यांनी १९०५ साली शिकागोत सुरू केलेल्या रोटरीत सुरुवातीला सदस्यांनी एकमेकांना व्यवसाय देण्याचा भाग होता. आयव्हन मिसनर यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या एकमेकांना शिफारशी देणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रत्येक गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला अशा गटांचा आधार होतो; पण आठवड्याच्या बैठकीत द्यायची म्हणून दिलेली शिफारस आणि काम पाहून आपणहून दिलेली शिफारस यांचे वजन सारखे धरता येत नाही.

शिफारशीबद्दल पैसे घेणे हा नाजूक भाग आहे. वकिली आणि वैद्यकीत अनेक देशांत त्यावर बंदी किंवा कडक मर्यादा आहेत, कारण रुग्णाला योग्य डॉक्टरकडे पाठवले की मोबदला देणाऱ्याकडे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. इतर व्यवसायांत निदान असा मोबदला ग्राहकापासून लपवू नये.

या वाटेने काम सावकाश येते, आणि सुचवणारी दोनचार माणसे निवृत्त झाली की ओघ एकाएकी आटू शकतो. म्हणून व्यवसाय पुढच्या पिढीकडे सोपवताना नुसती ग्राहकांची यादी देऊन भागत नाही. जुना लेखापाल नव्याला घेऊन एकेका ग्राहकाकडे जातो, पहिले वर्षभर दोघे मिळून बैठकीला बसतात, आणि मग एके दिवशी ग्राहक आपला प्रश्न नव्याकडे वळून विचारतो.