बर्कलीच्या ईईसीएसला अर्ज: आधी आकडे, कागद नंतर

आधी एक घोळ मिटवू. कॅलिफोर्नियातल्या यूसी बर्कली या विद्यापीठात ईईसीएस, म्हणजे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र, हे त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजकडे आहे आणि डिग्री बीएस, आणि नुसतं कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर ते वेगळ्या कॉलेजात, तिथे बीए. फॉर्ममध्ये जे टाकाल त्याच्यासाठीच विचार होतो. आधी कशातही शिरू मग ईईसीएसला बदलून घेऊ असला प्लॅन नको, नंतर जागा अगदी मोजक्या असतात.

पात्रता सरळ आहे: बारावी होणार असावी, आपल्या देशात कॉलेजला प्रवेश मिळेल असं सर्टिफिकेट मिळावं आणि मार्क चांगले हवेत. गणित-फिजिक्स दमदार पाहिजे हे वेगळं सांगायला नको. एसएटी, म्हणजे अमेरिकन कॉलेज प्रवेशाची परीक्षा, द्यायची गरज नाही, दिली तरी निवडीत बघत नाहीत. शाळेचं शिक्षण इंग्रजीतून झालं नसेल तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत किमान 6.5 लागतात.

अर्ज 1 ऑगस्टला उघडतो, सबमिट 1 ऑक्टोबरपासून, शेवट साधारण 30 नोव्हेंबर, वीकेंड आला तर एखाददोन दिवस पुढे. रात्री 11.59 ही कॅलिफोर्नियाची वेळ, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या आसपास, पण कार्ड पेमेंट अडकलं तर काय करणार, दोन दिवस आधीच भरा. बाहेरच्या देशातल्यांना अर्जाची फी सध्या एका कॅम्पसला 95 डॉलर, तिला माफी नाही. गरजेनुसार मिळणारी आर्थिक मदतही नाही, त्यामुळे घरी खर्चाचं आधीच बोलून घ्या.

आता मजेची गोष्ट, अर्ज करताना मार्कशीट अपलोडच करायची नसते. सगळे मार्क तुम्ही स्वतः टाइप करायचे. 87.6 असेल तर 87.6च, 88 नाही. कारण ऍडमिशन मिळाली की शाळेकडून ऑफिशियल कागद जातात आणि तेव्हा आकडे जुळले नाहीत तर ऍडमिशन रद्दसुद्धा होऊ शकते.

जीव कुठे ओतायचा तर अर्जात स्वतःबद्दल आठ प्रश्न असतात त्यांपैकी चारांच्या उत्तरांत, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द. "मला लहानपणापासून टेक्नॉलॉजीची आवड" हे सगळेच लिहितात हो. त्यापेक्षा टाकीतलं पाणी भरलं की वाजणारा अलार्म केला, तो अवेळी वाजायला लागला, मग सेन्सरची वायर सैल निघाली, असं लिहा, त्यात तुम्ही दिसता.

निकाल मार्चअखेरीस. होकार आला तर शेवटच्या मार्कशीटसकट सगळं 1 जुलैपर्यंत पाठवायचं, आणि बोर्डाचा निकाल मे-जूनमध्ये लागतो, म्हणून शाळेच्या ऑफिसात एप्रिलमध्येच बोलून ठेवा.